आणखी खाली

फार वर्षांपूर्वी एका छांदिष्टाच्या टेबलावर तळहाताएवढ्या मोटारीची लालभडक बॉडी आली. अंगावरचा रंग धड वाळला नव्हता, पण तोरा केवढा! तिच्या मापाची पितळी चासी, म्हणजे चाकं धरणारा खालचा सांगाडा, घडवायचं काम म्हाताऱ्या कानशीकडे होतं.

"शर्यतीची गाडी जमिनीला चिकटून पळते. मला आणखी खाली बसव," बॉडीने फर्मावलं.

चाकांचा आस जिथे बसतो, ती चासीच्या बुडाची खाच कानशीने घासून खोल केली. चाकं वर सरकली. बॉडी केसभर खाली आली.

"आणखी!"

"चासी पापडासारखी पातळ झालीय गं."

"होऊ दे. तिच्याकडे बघतंय कोण?"

कानशीने नाक मुरडलं आणि पुन्हा घासलं. बॉडी थाटात वर बसली, तशी चासी कडकन मोडली. चाकं घरंगळली, बॉडी पोटावर आपटली.

"घे बाई," कानस म्हणाली, "आता याहून खाली जायचं तर टेबलालाच भोक पाडावं लागेल."