डाव्या हाताचा घास

एकदा एक वृद्ध चित्रकार आपल्या शिष्याला घेऊन हॉलंडमधल्या एका खेड्यात गेला. शेतकऱ्यांच्या घरातलं साधं जगणं तांब्याच्या पत्र्यावर रेखायचं, रेघा आम्लात खोल करायच्या, त्यांत शाई भरायची आणि कागदावर ठसे काढायचे, ही त्याची विद्या. शिष्याचा हा स्वतःचा पहिलाच पत्रा होता. "साधलं, तर खाली तुझं नाव घाल," असं गुरूनं कबूल केलं होतं आणि त्या नावापायी शिष्याची झोप उडाली होती.

तिथल्या एका शेतकऱ्याच्या घरात चुलीपाशी घरधनी लेकीला पेज भरवत होता. एका दुखण्यात त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला होता, म्हणून चमचा डाव्या हातात होता. शेजारी बायको सूत कातत होती. शिष्य सरसावून बसणार, तोच गुरूनं तिवई भिंतीकडे फिरवली, समोर खिळ्याला आरसा टांगला आणि म्हणाला, "इथं बस. आरशात बघून काढ."

शिष्य चक्रावला. ज्यांच्या घरी आलो त्यांच्याकडेच पाठ करून बसायचं? म्हाताऱ्याला चळ लागला की काय! उबेनं गुरूला डुलकी लागताच त्यानं तिवई गुपचूप वळवली आणि समोर बघून अगदी जीव ओतून चित्र काढलं.

ठसा इतका देखणा निघाला, की चित्रं विकणारा व्यापारी वाहवा करत राहिला. गुरूनं मात्र नावाचा विषयच काढला नाही. "आधी त्या घरी दाखवून ये," एवढंच तो बोलला. त्या बिचाऱ्यांना चित्रातलं काय कळणार? शिष्य आणखीच गोंधळला, थोडा चिडलाही, पण गेला.

बायकोनं तोंडभर कौतुक केलं. घरधन्यानं कागद उजेडात धरला आणि चित्रातल्या चमच्याच्या हातावर बोट ठेवलं.

लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही असं नाही भरवत."

"भरवायचो गं. आजारी पडायच्या आधी." मग शिष्याकडे वळून तो ओशाळं हसला. "छान आहे हो चित्र. मला आपलं वाटलं होतं, या डाव्या हातानं घास भरवायला शिकलो, तेवढं यात येईल. फार सांडलं हो त्या शिकण्यात."

शिष्यानं तर जसंच्या तसं काढलं होतं! परतला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

"गुरुजी, मी खोटं काहीच काढलं नव्हतं."

"नाहीच काढलंस," गुरू म्हणाला. "पत्र्यावरचा डावा कागदावर उजवा होतो. अक्षरं उलटी कोरताना हे तुझ्या ध्यानात असतं, माणसं काढताना राहिलं नाही. आरशातलं उलटं काढलं असतंस, तर त्याच्या हाती सरळ पडलं असतं. आपल्याला पत्रा दिसतो, बाळ. दुसऱ्याच्या हाती कागद जातो."

शिष्यानं नावाची गोष्ट पुन्हा काढली नाही. त्यानं नवा पत्रा घासायला घेतला.

आपलं मनापासूनचं बोलणं घरच्याच माणसाला लागतं आणि 'मी काय चुकीचं बोललो?' म्हणून आपण बुचकळ्यात पडतो. तेव्हा एवढंच विचारावं, तिकडे काय उमटलं?