मरुभूमीतला हंस

पूर्वी शोणवती नगरीत अजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हंसाच्या कुळात जन्मला होता. मरुभूमीच्या कडेला, पांढऱ्या टेकड्यांच्या कुशीत एक सरोवर होते. तेथे त्याचा थवा हिवाळा काढी. पहाटे धुके उतरले की पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते, हे हंसांनाही कळत नसे.

थंडी सरली आणि थवा हिमालयाकडे निघाला. मरुभूमीवरून जाताना बोधिसत्त्वाला खाली एक तांडा दिसला. वाळूच्या वादळाने वाट पुसली होती. पखाली रित्या होत्या, बैल बसले होते, आया मुलांना आपल्या सावलीत धरून उभ्या होत्या.

थव्यातला म्हातारा हंस म्हणाला, "बाबा, आज वारा आपल्या बाजूचा आहे. उद्या असेलच असे नाही."

"तुम्ही पुढे व्हा. मला पाण्याची वाट ठाऊक आहे, यांना नाही. हे पाहिल्यावर मी कसा येऊ?"

तो खाली आला. तांड्यावर घिरटी घालून सरोवराच्या दिशेने जाई, पुन्हा माघारी येई. सार्थवाहाची विधवा मृणाला तांडा चालवीत होती. ती म्हणाली, "हा पाणपक्षी आपल्याला बोलावतो आहे. बैल उठवा."

"आई, पाखराच्या मागे कुठे जायचे?" तिरंदाज रोहक म्हणाला. "जवळ आहे तोवर पाडतो. पोरांच्या तोंडात काहीतरी पडेल." ती थांबवणार तोच बाण सुटला.

पंख चिरला गेला आणि हंस वाळूत कोसळला. रोहक सुरी घेऊन धावला. हंस उठला, आणि पंख फरफटत त्याच दिशेने चालू लागला.

"तू लपत का नाहीस?" रोहकने विचारले.

"मी लपलो तर तुम्हाला पाणी कोण दाखवील?"

रोहकच्या हातून सुरी गळाली. त्याने हंसाला छातीशी धरले. हंसाने मान लांबवली आणि तांडा त्या मानेच्या रोखाने चालू लागला. चहूकडे मृगजळाची तळी चमकत होती. काही जण तिकडे धावू लागले, तेव्हा मृणाला म्हणाली, "हंस जिकडे पाहत नाही, तिकडे पाणी नाही." माणसे माघारी वळली. ऊन सोनेरी झाले, मग जांभळे. बैलांनी नाके फुगवली. समोर सरोवर होते.

मुले कपड्यांसकट पाण्यात शिरली. रोहकने हंसाला अलगद पाण्यावर ठेवले. "माझ्यामुळे तुझा पंख गेला, थवाही दुरावला. तरी तू इतका आनंदात कसा?"

"ऐक ना," हंस म्हणाला. पोरे खिदळत होती. "हिमालयात हे मला कोठे ऐकू आले असते?"

रोहक रडू लागला. तांडा पुढे गेला, रोहक हंसाजवळ मागे राहिला. हंसाचा पंख भरून आल्यावरही रोहक तेथून गेला नाही. वाट चुकलेल्यांना दिसावे म्हणून त्याने टेकडीवर उंच बांबूला पांढरे वस्त्र बांधले, आणि जो येईल त्याला पाणी देत तेथेच सुखाने म्हातारा झाला.

ही कथा सांगून भगवान शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, रोहक तो हा आपला भिक्षू उत्तरक. मृणाला ती उपासिका सुमेधा. आणि तो हंस मीच होतो." दुसऱ्याच्या सुखाने आपले मन भरून येणे, यालाच मुदिता म्हणतात.