जोडीची फळी

चूक भिवा खोताची होती. गावातले म्हातारे ती वाऱ्यावर ढकलतात, कारण वारा उलटून बोलत नाही.

फार वर्षं झाली. या खाडीकाठी तेव्हा धाकू मेस्त्री होड्या बांधायचा. फणसाचं एकच खोड मधोमध चिरायचा आणि दोन फळ्या शिंपला उघडावा तशा शेजारी मांडायचा. इकडची गाठ तिकडे, इकडची रेघ तिकडे, आरशात पाहावं तशी. एक फळी होडीच्या उजव्या अंगाला, दुसरी डाव्या. एका खोडाच्या फळ्या सारख्याच वाकतात, सारखंच पाणी पितात. म्हणून त्याची होडी वल्हं सोडलं तरी सरळ जायची, असं म्हणतात.

एकदा गावाच्या होडीची उजवी फळी बसली होती, डावी वाळूत पडली होती. खोताला ती आवडली. ओटीवरच्या झोपाळ्यासाठी त्याने ती उचलून नेली.

"खोतानू, ती जोडीची आसा," धाकू म्हणाला. "दुसरी लावली तर होडी एका अंगाक ओढतली."

"लाकडाक कसला नातां, मेस्त्री? दर्या काय फळये बघूक येता?"

ओटीवरची सगळी शहाणी माणसं हसली.

"माझो तातू जातलो त्या होडयेन."

"मगे नीट ठोक!"

आणि धाकूने मान खाली घालून आंब्याची फळी ठोकली. मोठ्यांपुढे मान तुकवायची इथली सवय जुनीच.

होडी दर्यात गेली. भर दुपारी खोत झोपाळ्यावर पान लावत होता. वारा अगदी पडलेला. तरी फळी आपोआप एका बाजूला कलली आणि तिच्यातून खारं पाणी ठिबकू लागलं, असं म्हणतात.

ते कळताच धाकू धावत आला. त्याने झोपाळ्याच्या कड्या तोडल्या, फळी दर्यात लोटली आणि तिच्यावर पालथा पडला. वल्हं नाही, शीड नाही. फळी आपल्या जोडीकडे सरळ निघाली, लाटा बाजूला होत गेल्या, असं म्हणतात. दिवस मावळताना ती परतली, तेव्हा तिला सगळे खलाशी लटकलेले होते. एक सोडून.

"वारो वायट होतो, मेस्त्री," खोत म्हणाला.

आजही इथे होडी बांधायला घेतली की दोन फळ्या शिंपल्यासारख्या उघड्या मांडतात, दोन्हींना हळद लावतात. गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाने हात पाठीमागे धरून उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "धाकू, जोड शाबूत आसा."

धाकूला मुलगा एकच होता, तातू. तो परत आला नाही.