केंद्रकआबांची गढी

एका मुलीच्या गुडघ्यावर, कातडीच्या अगदी तळच्या थरात, एक गाव होतं. गाव एवढं लहान की सुईच्या टोकावर ठेवलं असतं तरी शेजारी आणखी गावं बसली असती. पुस्तकात त्याला पेशी म्हणतात आणि त्याचं चित्र काढायला लावतात, एक गोल आणि मधे ठिपका. चित्रात कळत नाही, पण आत राबता मोठा होता.

गावाला पातळ पटलाची वेस होती. आत काय घ्यायचं, बाहेर काय सोडायचं, ते ती वेस बघायची. आत सगळीकडे दाटसर पेशीद्रव्य भरलेलं, आणि त्यात सगळे तरंगत, सरकत आपापलं काम करायचे. मधोमध दुहेरी भिंतीची एक गढी होती. गढीत केंद्रक राहायचे. त्यांना सगळे आबा म्हणायचे.

आबांकडे धागे होते. गावात काय काय बनू शकतं ते सगळं त्या धाग्यांवर लिहिलेलं. मूळ धागे गढीबाहेर जात नसत. लागेल तेवढ्याच भागाची नक्कल करून आबा चिठ्ठी पाठवायचे. ती भिंतीतल्या भोकातून बाहेर यायची. बाहेर रायबोसोम नावाचे बारके कारागीर बसलेले असायचे. ते चिठ्ठी वाचायचे आणि मणी ओवावेत तसं प्रथिन ओवायचे. गढीच्या भिंतीला लागून पडद्यांचं जाळं पसरलं होतं, ती जालिका; बाहेरगावी जायचा माल तिच्या बोळांतून गॉल्जीकाकांकडे यायचा. गॉल्जीकाका म्हणजे चपट्या पिशव्यांची एकावर एक रचलेली चवड. ते माल नीट करायचे, बांधायचे, कुठे जायचा त्याची खूण लावायचे. मोडकंतोडकं असेल ते लयकारिका गिळायची आणि त्यातलं कामाचं तेवढं परत द्यायची. या सगळ्यांना लागणारी ऊर्जा बनवायच्या तंतुकणिका. त्या पुष्कळ होत्या, पण एक फार तोंडाळ होती. तिला तंतूताई म्हणायचे.

गावाचं बरं चाललं होतं. खायला भरपूर, काम नेमून दिलेलं, शेजार चांगला.

आबांना फक्त एक खोड होती. काही चांगलं झालं की ते विचारायचे, "चिठ्ठी कोणाची?" आणि काही बिघडलं की विचारायचे, "ओवलं कोणी?" गढीत बसणाऱ्या बहुतेकांची हीच खोड असते. रायबोसोम ऐकून घ्यायचे आणि ओवत राहायचे.

एके दिवशी ती मुलगी सायकल उतारावर सोडून हात वर करायला गेली आणि पडली. गुडघा खडीवर घासला. शेजारची गावंच्या गावं एका झटक्यात गेली. जिथे शेजार होता तिथे आता उघडं रान होतं. त्यात रक्त साकळलं, आणि बाहेरच्या मातीतले जंतू आत शिरायला वाट शोधू लागले.

लगेच वेशीवर सांगावा आला. वेशीनं तो पकडला आणि आत पोचवला. सांगावा एकाच शब्दाचा होता, वाढा.

या गावांमध्ये रीत ठरलेली होती. शेजार उजाड झाला की उरलेल्या गावानं आपली दोन गावं करायची. आधी धागे दुप्पट करायचे. मग गढी विरघळवायची. मग दोन टोकांकडून दोऱ्या येणार, एकेका धाग्याला धरणार, निम्मे इकडे, निम्मे तिकडे ओढणार. शेवटी गावाची कंबर आवळायची, की झाली दोन गावं. गढी ठेवून हे होत नाही. दोऱ्या बाहेर, धागे आत, मधे भिंत. धरणार कसं?

पहिलं काम आबांनी आनंदानं केलं. प्रत्येक धागा उसवून त्याच्या दोन्ही बाजूंना नवी जोड बसवली. स्वतःच्या नकला बघून त्यांना भरून आलं. "बघा," ते म्हणाले, "एकेक अक्षर जागच्या जागी. चिठ्ठी कोणाची?"

मग दुसऱ्या कामाची वेळ आली. गढी विरघळवण्याची चिठ्ठीसुद्धा आबांनीच काढायची होती. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नव्हता. आजवर आबांनी काढलेली प्रत्येक चिठ्ठी दुसऱ्यानं काहीतरी करावं म्हणून होती. ही एकच चिठ्ठी त्यांच्या स्वतःच्या भिंतीविरुद्ध होती.

ती निघेना.

त्याऐवजी वेगळीच चिठ्ठी बाहेर आली. रायबोसोमांनी वाचली आणि एकमेकांकडे बघितलं. भिंतीला अस्तर लावायचा माल मागवला होता, जाडसर.

"आत गर्दी झालीय," भिंतीच्या भोकातून आबा म्हणाले. "धागे दुप्पट झालेत. भिंतीला जोर नको का?"

"आबा, भिंत पाडायचीय," एक रायबोसोम म्हणाला.

"तुला वाचायला ठेवलंय की बोलायला?"

रायबोसोमांनी ओवायला घेतलं. काय करणार, चिठ्ठी आली की ओवायचं एवढंच त्यांना येतं. गावाची सगळी ताकद अस्तरावर लागली. तिकडे पलीकडच्या दोन गावांची चार झाली. ती सरकून उघड्या रानाकडे निघाली आणि या गावापाशी येऊन अडली. हे गाव फुगून वाटेत बसलं होतं. जंतूंना नेमकी तेवढी फट मिळाली. गुडघ्याची ती जागा लाल होऊन ठणकू लागली.

तंतूताई गढीपाशी गेली. "आबा, ऊर्जा मी गढी पाडायला राखून ठेवली होती. तुम्ही ती गिलाव्यात घालवताय."

"पोरी, तुला गढीतलं काय कळतं?"

"पोरी म्हणू नका. माझा धागा माझ्याजवळ आहे, छोटासा का असेना. तो तुमच्या गढीतून आलेला नाही. आईकडून लेकीकडे, तसा आलाय. आणि आम्ही तर कधीही मधे चिमटा घेतो आणि दोन होतो. कोणी ओवाळायला येत नाही."

"तुमचं वेगळं. तुम्ही चुलीजवळच्या. मी गेलो तर गाव कोण चालवेल? माझा अनुभव..."

"कसला अनुभव? ही गढी या खेपेलाच बांधली, गाव झालं तेव्हा. तुम्ही तेवढेच जुने, जेवढे आम्ही सगळे. फक्त भिंत दुहेरी आहे म्हणून म्हातारे वाटता."

बोळांतून हसू फुटलं. आबांनी भोकं मिटायचा प्रयत्न केला, पण ती तशी मिटत नाहीत.

मग त्यांनी गॉल्जीकाकांना हाक मारली. गॉल्जीकाका त्यांचे जुने सोबती. दोघंही नीटनेटकेपणाचे भोक्ते, दोघांनाही लहानांचा कंटाळा. आबांना वाटलं, हा तरी आपल्या बाजूनं उभा राहील.

"गॉल्जी, तूच सांग यांना. तुझी ती चवड, इतके दिवस जपलीस. उद्या म्हणतील ती मोड. मोडशील?"

"मोडतोच आहे," गॉल्जीकाका म्हणाले. आवाज नेहमीसारखा एका जागेवरून आला नाही. आबांनी भोकातून पाहिलं. पिशव्यांची चवड सुटली होती. तिचे बारीक बारीक तुकडे होऊन गावभर पसरत होते.

"हे काय?"

"निम्मं इकडे जाईल, निम्मं तिकडे. पलीकडे गेल्यावर परत रचू." तुकडान् तुकडा बोलत होता. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वरची पिशवी माझी फार लाडकी होती. पण आबासाहेब, शेजार गेल्यावर माल बांधून पाठवायचा कोणाला? उघड्या रानाला? मी खुणा लावणार आणि घ्यायला कोणी नाही, त्यापेक्षा हे बरं."

"तू खुळा आहेस."

"असेन. पण माझं काम झालंय. तुमचं अडलंय."

अस्तराचा माल येतच राहिला. आत धाग्यांना हलायला जागा उरली नाही. ते एकमेकांवर चढले, अडकले, आणि आबांना स्वतःलाच कोणता भाग कुठे आहे ते सापडेना. साध्या रोजच्या चिठ्ठ्याही नीट निघेनात. लयकारिका अर्धवट ओवलेला माल गिळून गिळून दमली. "आज जेवण जरा जास्तच झालं," ती म्हणाली, आणि तिच्या त्या बोलण्यावर कोणी हसलं नाही.

तेव्हा तंतूताई पुन्हा आली. या वेळी ती हळू बोलली.

"आबा, माझ्या दोन पडद्यांच्या मधे एक पुडी असते. तुम्हाला ठाऊक आहे."

आबांना ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. धागे दुप्पट करून अडून बसलेलं गाव धोक्याचं असतं. ते ना एक राहतं, ना दोन होतं, आणि पुढे वेडंवाकडं वाढून साऱ्या मुलखाला भारी पडू शकतं. असं गाव वाटेवर येईना, तर तंतुकणिकांनी ती पुडी सोडायची असते. पुडी सुटली की गाव आतल्या आत शांतपणे आवरतं घेतं. भिंती, बोळ, धागे, सगळं तुटून त्याच्या पुरचुंड्या होतात आणि शेजारी त्या उचलून नेतात. काही मागे उरत नाही.

"तू मला धमकी देतेस?"

"मी पण त्यातच जाणार आहे, आबा. मला काय हौस आहे? चूल पेटती आहे, काम आहे, मला जगायचंय. या सगळ्यांना जगायचंय. म्हणून तर विचारायला आले. तुम्हाला नेमकं कशाचं वाईट वाटतंय?"

मग आबा म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात पहिल्यांदाच ऐट नव्हती, "भिंत गेली की मी कोण? तू आहेस ती तूच राहशील. गॉल्जी तुकड्यात का होईना गॉल्जीच राहील. मला सगळे गढीमुळे ओळखतात. गढी गेल्यावर कोणी आबा म्हणेल?"

"नाही म्हणणार बहुतेक," तंतूताई म्हणाली. "थोडा वेळ तरी कोणाला सवड नसेल. दोऱ्या ओढायच्या असतील."

"मग?"

"मग काय. तुम्ही म्हणजे धागे. पहिल्यापासून तेवढेच आहात. भिंत तर जालिकेच्या पडद्याची आहे, तिच्याकडून घेतलेली. ती तिच्याकडे परत जाईल. तुमचं काही जाणार नाही, फक्त आडोसा जाईल."

"आणि मी लाजेनं मेलो तर?"

"लाजेनं कोणी मेलेलं मी पाहिलं नाही. अडून बसल्यानं मेलेली गावं पाहिलीत. कालच पलीकडे एक गेलं."

आबांना एकदम शहाणपण आलं असं काही नाही. तसं कोणाला येत नाही. पुडीची भीती होती, गॉल्जीसमोर कमी पडल्याची बोच होती, आणि आतल्या गर्दीत त्यांचा स्वतःचाच जीव गुदमरला होता. पण चिठ्ठी काढायची की नाही हे तरीही त्यांच्याच हातात होतं. त्यांनी धाग्यांच्या गुंत्यातून तो भाग शोधला. नक्कल केली. भोकापाशी आणली. तिथे जरा थांबले.

"ओवा," ते म्हणाले. "नीट ओवा. यात चूक नको."

"चिठ्ठी कोणाची?" मागून एक रायबोसोम हळूच म्हणाला.

"माझी," आबा म्हणाले. "माझी आणि माझ्यावरचीच."

रायबोसोमांनी इतक्या झपाट्यानं कधी ओवलं नव्हतं. तंतूताई आणि तिच्या बहिणींनी उरलीसुरली सगळी ऊर्जा मोकळी सोडली. अस्तराच्या गाठी सुटल्या, भिंत जागोजाग फाटली आणि तिचे पडदे सरकत सरकत जालिकेत मिसळले. आबा उघड्यावर आले. म्हणजे धागे उघड्यावर आले. पहिल्यांदाच सगळ्यांनी ते मूळचे, अखंड बघितले. जाड, आटोपशीर गुंडाळलेले, जोडीजोडीनं उभे.

"एवढेच होय," लयकारिका म्हणाली. "मला वाटलं होतं फार काही असेल."

"एवढेच," धाग्यांतून आबा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं.

दोन टोकांकडून दोऱ्या आल्या. प्रत्येक जोडी दोन्हीकडून धरली जाईपर्यंत कोणी ओढलं नाही. एक जोडी मागे राहिली होती, तिच्यासाठी अख्खं गाव थांबलं. ती हाती लागल्यावर सगळ्यांनी मिळून जोर केला, जोड्या सुटल्या, निम्मे धागे एका टोकाला गेले, निम्मे दुसऱ्या. गावाची कंबर आवळत गेली. तंतूताईच्या निम्म्या बहिणी पलीकडे राहिल्या. जाता जाता त्या ओरडून काहीतरी म्हणाल्या, ते बहुधा स्वयंपाकाबद्दल होतं.

मग दोन गावं झाली.

दोन्हीकडे जालिकेनं नवी भिंत दिली. दोन्हीकडे गॉल्जीकाका आपली चवड रचायला लागले आणि दोन्हीकडे म्हणाले की वरची पिशवी पूर्वीइतकी चांगली बसली नाही. दोन्हीकडच्या गढीत धागे सैल होऊन पसरले. दोघंही केंद्रक एकाच वेळी जागे झाले आणि नव्या वेशींच्या आडून त्यांनी एकमेकांना हाक दिली.

"खरा आबा कोण, तू की मी?"

दोघांनी आपापले धागे तपासले. प्रत्येक धाग्याची एक बाजू जुनी होती आणि एक बाजू कोरी. इकडेही तसंच, तिकडेही तसंच. कोणी थोरला निघेना, कोणी धाकटा निघेना.

"राहू दे," एक म्हणाला.

"राहू दे," दुसराही म्हणाला. "काम बघू."

दोघांनी चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मागे अडलेल्या गावांना वाट मिळाली, ती पुढे सरकली, तीही दुप्पट झाली. जंतूंची फट बुजली. काही दिवसांनी मुलीनं खपली नखानं उचकटली, आईचा एक धपाटा खाल्ला, आणि बघते तर खाली गुलाबी, गुळगुळीत, नवी कातडी. ती परत सायकल घेऊन उतारावर गेली.

तात्पर्य: मोठ्यांनी वेळेवर जागा सोडणं हा लहानांवर उपकार नाही, ते मोठ्यांचं कामच आहे. जो ते करतो तो पुढच्यांत उरतो. जो भिंत धरून बसतो तो भिंतीसकट जातो आणि जाताना गावालाही नेतो.