न आलेल्याची हजेरी

एकदा एका तरुणाने व्यायामाची नोंद ठेवणारे ॲप काढले. अभिनंदन त्याचे नाव. पावले, झोप, नाडीचे ठोके, सारे त्यात मोजले जाई. पण असली ॲप्स बाजारात पैशाला पासरी! लोक हौसेने त्याचे ॲप घेत आणि महिनाभरात सोडून जात. अखेर भागीदारांनी निर्वाणीचे सांगितले, "सहा आठवड्यांत यात इतरांहून वेगळे काय ते दाखव, नाहीतर बंद करू." बिचाऱ्याने नकाशे घातले, पदके घातली, गाणीसुद्धा घातली. जाणारे जातच राहिले.

तेव्हा त्याला आपल्या वस्तादांची आठवण झाली. ज्या तालमीत तो वाढला, तिकडे नऊ वर्षांत तो फिरकला नव्हता. गावात आता काचेच्या भिंतींच्या तीन जिम झाल्या होत्या, तरी वस्तादांची तालीम भरलेली असे. त्याचे मर्म त्याला विचारायचे होते. खरे सांगायचे तर, त्या लाल मातीचा वास पुन्हा एकदा घ्यावा म्हणून त्याचा जीव तुटत होता.

तो पहाटे पोहोचला तेव्हा चाळीस गडी जोर काढत होते. वस्तादांनी त्याचे सगळे ऐकून घेतले, तालमीवर एक नजर फिरवली आणि भरली तालीम तशीच सोडून, काठी घेऊन ते बाहेर पडले. "चल माझ्यासंगं," एवढेच म्हणाले.

दुखऱ्या गुडघ्यांनी दोन गल्ल्या ओलांडून ते एका दारापाशी थांबले. "भैरू, हाईस का रं घरात?"

आतून एक पैलवान ओशाळून बाहेर आला. "वडलांना दवाखान्यात ठेवलंय, वस्ताद. चार दिस तिथंच हाय, आत्ता डबा न्यायला आलोय."

किती जोर बुडाले, हे वस्तादांनी विचारले नाही. ते ओट्यावर टेकले, वडिलांची चौकशी केली, चहा घेतला आणि उठले.

परतताना अभिनंदनला राहवेना. "वस्ताद, तिकडं चाळीस जण सोडून तुम्ही एकासाठी आलात?"

"जे आल्यात त्यांचे जोर त्यांचे ते मोजत्यात," वस्ताद म्हणाले. "जो आला न्हाई, त्याला वाटतं, आपल्यावाचून कुणाचं काय अडलंय? म्हणून त्याच्या दारात जायाचं. तुझं ॲप काय करतं रं, माणूस थांबला की?"

अभिनंदनने मान खाली घातली. थांबलेल्या माणसाला त्याचे ॲप लाल अक्षरांत एकच वाक्य पाठवी : 'तुम्ही मागे पडलात.'

"मी यायचा थांबलो, तेव्हा?" त्याने हळूच विचारले.

"आलो की. दोनदा. तुझी आई म्हणाली, पुण्याला गेलाय."

आईने हे त्याला फोनवर सांगितलेही होते. कामाच्या घाईत 'बरं बरं' म्हणून त्याने विषय संपवला होता. इतकी वर्षे कोणीतरी आपली वाट पाहत होते आणि आपण मात्र साधा निरोपही धाडला नाही, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

त्याच दुपारी त्याने सोडून गेलेल्यांची यादी उघडली आणि पहिल्याच नावाला फोन लावला. "ताई, फेब्रुवारीपासून तुमचं चालणं बंद दिसतंय. बऱ्या आहात ना?"

 पलीकडून बाई म्हणाल्या, "मिस्टर गेले हो माझे. त्यांच्याबरोबर चालायची मी. एवढ्या महिन्यांत चालण्याचं कुणी विचारलंच नाही."

त्या रडू लागल्या. अभिनंदनने फोन ठेवला नाही.