जिन्यातला एक नंबर

राउटर एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका घरात नवा राउटर आला. आल्या आल्या त्याने स्वतःसाठी ‘एक’ हा नंबर घेतला, फोनला दोन दिला, टीव्हीला तीन. जिन्यातल्या जुन्या मोडेमला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

बाहेर जाणारी प्रत्येक चिठ्ठी मोडेमच्याच हातून जायची. तिच्यावर पत्ता असायचा, ‘एक नंबर’. पण वाटेत ती आधी राउटरकडे यायची. तो पत्ता वाचायचा, म्हणायचा, “म्हणजे मीच की!” आणि चिठ्ठी पोटात ठेवून द्यायचा.

दुपारपर्यंत घरातलं काहीच बाहेर पोचेना. राउटर दिवे मिचकावत ओरडला, “म्हातारा बहिरा झालाय! काढून टाका त्याला!”

मोडेम शांतपणे म्हणाला, “बाळा, माझ्यापर्यंत काही आलंच नाही. एक नंबर तू यायच्या आधीपासून माझा आहे. तुझ्या पोटात बघ जरा.”

राउटरने पाहिलं. सगळ्यात खाली सकाळची पहिली चिठ्ठी होती. ‘आईला ताप चढलाय. डॉक्टर, लवकर या.’

त्याचे सगळे दिवे मंदावले. मान वर न करता तो पुटपुटला, “आजोबा, तुमच्याकडे कुणाचा नसलेला एखादा नंबर मला सांगाल?”

“सांगतो,” मोडेम म्हणाला. “आधी ती चिठ्ठी दे.”