हरलेल्याच्या हातची पताका

केवणे बंदरात नारळी पौर्णिमेला होड्यांची शर्यत लागते. जिंकलेल्या होडीच्या डोलकाठीवर तांबडी पताका चढते, पण तिची दोरी ओढतो तो दुसऱ्या आलेल्या होडीचा तांडेल, म्हणजे तिचा म्होरक्या. पाहुण्यांना याचे हसू येते. मग बंदरावरचे जाणते त्यांना बसवून घेतात आणि मायाजीची गोष्ट सांगतात.

फार पूर्वी इथे आरमाराची गलबते असत म्हणे. त्यांचा जो प्रमुख, त्याच्याच गलबतावर लांब तांबडी पताका फडके. मायाजी तांडेल तिच्यासाठी अर्धे आयुष्य थांबला होता. जुना प्रमुख वारला आणि सुभेदाराने पताका दिली हिरोजीला. हिरोजी म्हणजे मायाजीच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला वल्हे धरायला मायाजीनेच शिकवले होते. मायाजी मेजवानीला गेला, जेवला, हसलाही. पण तेव्हापासून हिरोजीशी बोलताना त्याची नजर डोलकाठीकडेच जाई. बहीण खुशीत दिसली तरी तो काही निमित्त काढून उठून जाई.

एके सकाळी टेकडीवरच्या निशाणकाठीवर त्याची पाळी होती. हिरोजीचे गलबत एकटेच परतत होते. भूशिराआड शत्रूची तारवे दबा धरून बसलेली मायाजीला वरून दिसली. काळा बावटा चढला की गलबताने मागे फिरायचे, असे ठरलेले होते. बावटा हातात होता, पण हात वर होईना. एकदा तरी ती पताका खाली येऊ दे, एवढेच त्याच्या मनात आले, असे सांगतात.

तोफ वाजली आणि पताका खरोखरच खाली आली.

मग मायाजीने बावटा चढवला, धावत खाली येऊन बंदरातली गलबते बाहेर काढली, शत्रूला हुसकावले. हिरोजीला त्यानेच पाण्यातून उचलले. हिरोजी जगला, पण त्याचा उजवा हात गेला.

सुभेदाराने पताका मायाजीपुढे धरली. त्याने ती घेतली नाही. बहिणीच्या देखत म्हणाला, "मला तारवं आधीच दिसली होती. जळत होतो, म्हणून थांबलो."

बहीण उठून गेली. पुढे ती त्याच्याशी कधी बोलली नाही, म्हणे. सुभेदाराने तलवारीला हात घातला. त्याला हिरोजीनेच अडवले.

"पताका माझीच राहू द्या," तो म्हणाला. "पण एका हातानं मला दोरी ओढवत नाही. ती रोज हा ओढेल. माझ्यासमोर."

मायाजीने ती मरेपर्यंत ओढली. पहिली काही वर्षे खाली मान घालून. पुढे पुढे पताका वर पोचेपर्यंत तो तिच्याकडे पाहत राही.

आजही पताका टोकाला पोचेपर्यंत बंदरावर कुणी टाळी वाजवत नाही. दोरी ओढणाऱ्या तांडेलाचे दात आवळलेले दिसले, तरी त्याला कुणी घाई करत नाही.